लिंकडिंगमध्ये एकाच नावाचे दोन टॅग दिसताहेत, मदत हवी

राम राम मंडळी,

रावेर तालुक्यातून लिहितोय. घरची केळी आहे. केळीपायी ब्राउझरमध्ये दोन हजारांवर बुकमार्क साठले होते: करप्याचे लेख, सीएमव्ही या विषाणूरोगाची माहिती, फळपीक विम्याची परिपत्रकं, बऱ्हाणपूरचे भाव, मध्येच आईसाठी ठेवलेल्या बहिणाबाईंच्या कविता. हवं ते वेळेवर कधी सापडलं नाही.

दिवाळीत रास्पबेरी पाय 4 या छोट्या संगणकावर डॉकर (प्रोग्राम वेगळ्या डब्यात चालवणारं साधन) टाकून लिंकडिंग हा बुकमार्क सांभाळणारा प्रोग्राम बसवला. लिंकवॉर्डन या तशाच दुसऱ्या प्रोग्रामला पोस्टग्रेस हा वेगळा डेटाबेस लागतो, ते लोढणं नको वाटलं. इथे सगळं एसक्यूलाइट या साध्या डेटाबेसच्या एका फाइलमध्ये. फोल्डर मात्र नाहीत, त्यामुळे महिनाभर रात्री बसून टॅग लावले. (बायको म्हणते, एवढ्या वेळात हिशोबाची वही लिहून झाली असती.)

आता अडचण. मे-जूनच्या वादळात बागा आडव्या होतात, त्यासाठी 'वाऱ्याचं-नुकसान' असा टॅग केला. यादीत तो दोनदा दिसतो! एकावर टिचकी मारली की 14 लिंका, दुसऱ्यावर 9. अक्षरं एकेक करून ताडून पाहिली, काना-मात्रेचाही फरक नाही. परवा विम्याचं परिपत्रक शोधत होतो, अर्धा तास सापडेना. ते दुसऱ्या टॅगात. 'केळी', 'करपा' यांचं असं होत नाही. 9 वाल्या लिंका बहुतेक फोनवरून टाकलेल्या आहेत.

दुसरं, आमच्याकडे वीज कधीही जाते. रास्पबेरी पाय धाडकन बंद पडतो. डेटा जाईल का?

---

उत्तर

भो, लिंकडिंगचा दोष नाही, आपल्या 'ऱ्या'चा आहे. तो दोन प्रकारे टाइप होतो. एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर, युनिकोड (संगणकातला अक्षरांचा क्रमांक) 0931. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यामागे न दिसणारा जोडक, 200डी. डोळ्यांना एकच, संगणकाला दोन शब्द. फोनचा कीबोर्ड एक लिहितो, लॅपटॉपचा दुसरं. 'केळी'त ऱ्या नाही, म्हणून ती सुटली. 'शेतकऱ्यांसाठी' असा टॅग असेल तर तोही बघून घ्या.

9 वाला टॅग उघडा, बल्क एडिटमध्ये (अनेक लिंका एकदम बदलायची सोय) सगळ्या लिंका निवडा, लॅपटॉपवाला टॅग जोडा, मग फोनवाला काढा. पुढे टॅग टाइप करू नका, सुचवलेल्यातून निवडा.

विजेचं म्हणाल तर एसक्यूलाइट बऱ्यापैकी सोसतं, एसडी कार्ड सोसत नाही. डेटा फोल्डर एसएसडीवर हलवा. बॅकअपला चालू असताना फाइल कॉपी करू नका, लिंकडिंगची फुल-बॅकअप आज्ञा आहे ती वापरा आणि झिप दुसऱ्या मशीनवर ठेवा.

---

धागाकर्ता

जमलं भाऊ! 14 आणि 9 मिळून 22 निघाल्या. एका लिंकेला दोन्ही टॅग होते. 'शेतकऱ्यांसाठी' पण दोन आहेत, आज रात्री बसतो. एसएसडी केळीचे पैसे आल्यावर.