पुस्तकांच्या अक्षरजुळणीसाठी लॅपटॉप: ५५ हजारांत काय घ्यावं?

पानजुळणी (कराड)

नमस्कार मंडळी. मी कराडला घरूनच अक्षरजुळणी आणि मांडणीची कामं करते. लग्नपत्रिका, शाळांची वार्षिकं, पतसंस्थांचे अहवाल ही नेहमीची कामं. आता कोल्हापूरच्या एका प्रकाशकांची पुस्तकंही यायला लागली आहेत. त्यांना सगळं युनिकोडमध्ये (कुठल्याही यंत्रावर वाचता येणाऱ्या अक्षरसंकेतांत), इनडिझाइन या अ‍ॅडोबीच्या पानं लावायच्या प्रोग्रामच्या फाइलमध्ये हवं असतं.

माझ्याकडे जुना डेस्कटॉप आहे. तिसऱ्या पिढीचा आय३, ४ जीबी रॅम, विंडोज १०. त्यावर पेजमेकर ७ हा पानं लावायचा जुना प्रोग्राम आणि श्रीलिपी हे मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर, यूएसबीच्या लॉकसह (ही परवान्याची चावी, ती लावल्याशिवाय श्रीलिपी चालत नाही). इनडिझाइन त्यावर उघडायचं म्हणजे चहा करून यावा इतका वेळ लागतो. लॅपटॉपच हवा, कारण शेवटच्या दुरुस्त्या लेखकाशेजारी किंवा प्रेसमध्ये बसून कराव्या लागतात. शिवाय आमच्याकडे दुपारची वीज कधी जाईल याचा नेम नाही.

दुकानदाराने दोन दाखवले. एक गेमिंगचा: आय५-१२४५०एच, १६ जीबी रॅम, आरटीएक्स ३०५० हे ग्राफिक्स कार्ड. तो म्हणतो, "डिझाइनचं काम आहे ना ताई, मग कार्ड पाहिजेच." दुसरा बराच स्वस्त: रायझन ५ ७५२०यू, ८ जीबी. भाचा म्हणतो, थोडे पैसे घाल आणि मॅकबुक एअर घे.

माझी मर्यादा ५५ हजारांची आहे. कार्ड खरंच लागतं का? ८ जीबी पुरेल का? पेजमेकरमधली दहा-बारा वर्षांची कामं नव्या यंत्रावर उघडतील का? पतसंस्थेचा अहवाल दरवर्षी आधीच्याच फाइलवर होतो, त्यामुळे हा प्रश्न माझ्यासाठी सर्वांत मोठा आहे. टायपिंग रेमिंग्टनने, म्हणजे जुन्या टाइपरायटरच्या कळफलकानेच करते, हात त्यावरच बसलाय.

खिळेपेटी (पुणे)

ताई, दुकानदाराने तुम्हाला प्रोसेसर दाखवला, कार्ड दाखवलं. पडदा कसा आहे ते दाखवलं का? आपलं काम दिवसभर रफार, अनुस्वार आणि ओळीचं टोक बघण्याचं. मी पंचवीसेक वर्षं पुस्तकांची पानं लावतोय आणि माझं ठाम मत आहे की आपल्या धंद्यात पैसे आधी पडद्याला, मग रॅमला, आणि उरले तर प्रोसेसरला द्यावेत.

पट्टी घेऊनच सांगतो. डेमी १/८ चं, म्हणजे नेहमीच्या पुस्तकाचं, पान साडेआठ इंच उंच, म्हणजे २१.६ सेंमी. नेहमीचा १५.६ इंची लॅपटॉप (रुंदी-उंचीचं प्रमाण १६:९) उंचीला भरतो १९.४ सेंमी. म्हणजे वरखालच्या पट्ट्या जमेस धरल्या नाहीत तरी पान खऱ्या मापात मावत नाही. १६ इंची, १६:१० चा पडदा घेतला तर रुंदी तेवढीच राहते, ३४.५ सेंमी, पण उंची होते २१.५. हा दोन सेंमीचा फरक म्हणजे पुस्तकातल्या साधारण चार ओळी. दिवसातून शंभर वेळा पान खालीवर सरकवणं त्यामुळे कमी होतं. आणि घरी बसून करायच्या कामासाठी २४ इंची मॉनिटर जोडा. तो ५३ बाय ३० सेंमीचा असतो. ए४ पान २९.७ उंच, समोरासमोरची दोन पानं ४२ सेंमी रुंद. पतसंस्थेच्या अहवालाची दोन्ही पानं जवळजवळ खऱ्या मापात एकदम दिसतील. गेमिंग लॅपटॉपच्या कार्डाला जे पैसे घालणार होता, त्यात असा मॉनिटर येतो.

कार्डाबद्दल: मजकुराची पानं, फोटो, पत्रिका यांना वेगळं कार्ड लागत नाही. प्रोसेसरमधलं ग्राफिक्स पुरतं. आरटीएक्स त्रिमितीय कामाला, व्हिडिओला आणि खेळांना उपयोगी. तुम्ही मात्र कोल्हापूरच्या एसटीत दोन सव्वादोन किलोचं यंत्र आणि विटेएवढा अडॅप्टर वागवत बसाल, आणि वीज गेल्यावर बॅटरीही लवकर संपेल.

रंग मात्र बघा. स्वस्त लॅपटॉपांच्या माहितीत बारीक अक्षरांत "४५% एनटीएससी" लिहिलेलं असतं, म्हणजे तो पडदा कमीच रंग दाखवू शकतो. अशा पडद्यावर पत्रिकेतला कुंकवाचा लाल विटकरी दिसतो, आणि गिऱ्हाईक तुमच्याशेजारी बसून "अजून गडद करा, अजून गडद करा" म्हणत राहतं. "१०० टक्के एसआरजीबी" असेल तो घ्या. छापील रंगाचा शेवटचा निकाल कागदावरच लागतो हे खरं, पण मधल्या चकरा वाचतात. उजेड ३०० निट्स तरी असावा, २५० चा पडदा खिडकीपाशी फिका पडतो.

आता तुमचा मोठा प्रश्न. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच येतं आणि त्यात १६ बिटचा, म्हणजे फार जुन्या बांधणीचा, कुठलाही प्रोग्राम किंवा इन्स्टॉलर चालत नाही. पेजमेकर ७ हा २००१ सालचा. तो काहींच्या विंडोज ११ वर चालतो, पण ज्यावर दरवर्षीचं काम अवलंबून आहे ते अशा भरवशावर ठेवू नये. माझा सल्ला असा की जुना डेस्कटॉप विकू नका. त्याचे पाच हजारही येणार नाहीत. विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली, तेव्हा त्याची इंटरनेटची वायर काढून टाका आणि तो फक्त जुन्या फाइलींसाठी ठेवा. लॉक त्यालाच लावलेलं राहू दे. अहवालासारखी दरवर्षी येणारी कामं मात्र एकेक करून इनडिझाइनमध्ये युनिकोडवर आणा. पेजमेकरला युनिकोड कळतच नाही, त्यामुळे कधीतरी हे करावंच लागणार आहे. मार्चनंतर अहवालांची घाई सुरू होण्याआधी एक अहवाल आणून बघा.

मॅक चांगलं यंत्र आहे, पण पेजमेकर आजच्या मॅकवर चालत नाही आणि तुमचं विंडोजचं लॉकही तिथे उपयोगाचं नाही. तसंच स्नॅपड्रॅगन प्रोसेसरचे विंडोज लॅपटॉप दिसतील. बॅटरी उत्तम, पण ते एआरएम जातीचे, म्हणजे इंटेल-एएमडीपेक्षा वेगळ्या बांधणीचे. साधे प्रोग्राम त्यावर चालवून घेता येतात, लॉकचा ड्रायव्हर (यंत्राला लॉक ओळखायला लावणारा छोटा प्रोग्राम) मात्र एआरएमसाठी वेगळा बनवलेला असावा लागतो. जुन्या लॉकला तो कोण बनवून देणार? तुमच्यासाठी इंटेल किंवा एएमडीच.

मदरबोर्ड (नाशिक)

खिळेपेटींशी सहमत. मी लॅपटॉप दुरुस्तीत आहे, म्हणून त्या बाजूने दोन गोष्टी घालतो.

तो स्वस्त रायझन घेऊ नका. नंबर नीट वाचा. ७५२०यू, ७५३०यू, ७५४०यू हे तिन्ही दिसायला सख्खे भाऊ. पहिला ७ आकडा एएमडीच्या यादीतलं २०२३ हे वर्ष सांगतो. आतली रचना (तिला एएमडी झेन म्हणते) कोणती ते तिसऱ्या आकड्यावरून कळतं. २ असेल तर झेन २, ३ असेल तर झेन ३, ४ असेल तर झेन ४. म्हणजे ७५२०यू मध्ये २०१९ सालची रचना आणि चारच कोअर (एकाच वेळी काम करणारे भाग) आहेत. ७५३०यू मध्ये सहा. पेटीवर दोन्हींना मोठ्या अक्षरांत "रायझन ५" एवढंच लिहिलेलं असतं, आणि माणूस तेच बघतो. इंटेलमध्येही तसंच शेवटचं अक्षर बघा. यू म्हणजे कमी वीज खाणारा, एच म्हणजे जास्त ताकदीचा आणि जास्त तापणारा. ताईंच्या कामाला यू पुरतो.

दुसरं, रॅम. इनडिझाइनसाठी अ‍ॅडोबीच ८ जीबी किमान आणि १६ सुचवते. शेजारी ब्राउझर, पीडीएफ, फोटोशॉप उघडं राहणारच, म्हणून १६ च धरा. ७५२०यू च्या यंत्रांत रॅम मदरबोर्डवरच सोल्डर केलेली असते, पुढे वाढवता येत नाही. माझ्याकडे महिन्याला कुणी ना कुणी असं यंत्र घेऊन येतं, "रॅम टाकून द्या" म्हणतं, आणि मला नाही म्हणावं लागतं. फार वाईट वाटतं, कारण पैसे नुकतेच भरलेले असतात. घेताना विचारा: रॅमचा स्लॉट मोकळा आहे का? एक कांडी ८ ची असेल तर दुसरी ८ ची टाका. दोन कांड्यांनी प्रोसेसरमधलं ग्राफिक्सही चांगलं चालतं.

वॉरंटीत "ऑनसाइट" (म्हणजे माणूस घरी येऊन दुरुस्त करतो) शब्द आहे का बघा. कराडहून पुण्या-कोल्हापूरच्या सर्व्हिस सेंटरला यंत्र सोडून यायचं म्हणजे आठवड्याचं काम बुडतं.

पानजुळणी (कराड)

दोघांचेही मनापासून आभार. पडद्याच्या उंचीचा विचार मी केलाच नव्हता, आत्ता माझ्या डेस्कटॉपच्या पडद्यावर पट्टी लावून बघितली.

दोन शंका राहिल्या. १४ इंची लॅपटॉपही हलका वाटला, पण त्याला उजवीकडचे आकडे नाहीत. काही जोडाक्षरं मी ऑल्ट दाबून आकड्यांनीच काढते. आणि नवीन यंत्रावर रेमिंग्टन मिळेल का? दुसरं म्हणजे, कंपन्यांनी वापरून काढलेले लॅपटॉप सातारला एका दुकानात आहेत, निम्म्या किमतीत. ते घ्यावेत का?

मदरबोर्ड (नाशिक)

वापरलेला घ्यायचाच तर इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचा, नाहीतर विंडोज ११ रीतसर बसत नाही. दुकानदाराकडून बॅटरी रिपोर्ट काढून घ्या. डिझाइन कपॅसिटी (नवी असतानाची) ५० वॅट-अवर आणि फुल चार्ज कपॅसिटी (आजची) ३० असेल, तर बॅटरी बदलण्याचा खर्च आधीच किमतीत धरा. कंपन्यांचे हे लॅपटॉप बांध्याला मजबूत असतात, कळफलकही छान असतात. पडदे मात्र बहुतेक १४ इंची आणि फिके. मॉनिटर जोडूनच काम करणाराला चालतील. ताईंना बाहेर, लेखकाशेजारी बसायचंय, म्हणून मी नवाच सुचवेन.

खिळेपेटी (पुणे)

उजवीकडचे आकडे सोडू नका ताई. ऑल्टचे कोड वरच्या आकड्यांच्या ओळीने निघत नाहीत. १५.६ आणि १६ इंचीत बहुधा वेगळे आकडे असतात, पण तेही नमुन्यागणिक बदलतं, हात ठेवून बघा. युनिकोडवर गेल्यावर मात्र जोडाक्षरांसाठी कोड लागणार नाहीत. विंडोजमध्ये मराठीचे इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक हे कळफलक आधीपासून असतात, रेमिंग्टनचा वेगळा टाकून घ्यावा लागतो. तो बसला की तुमचा हात आहे तसाच चालेल. हात बदलायला जाऊ नका, पुस्तकाच्या घाईत तर नाहीच.

इनडिझाइनमध्ये पहिल्याच दिवशी पॅराग्राफ स्टाइलमध्ये जाऊन "वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर" निवडा. ते राहिलं तर पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडे न येता उजवीकडे जाऊन पडते आणि पाय मोडलेली अक्षरं सुटी दिसतात. लोकांना वाटतं फाँट खराब आहे, किंवा लॅपटॉप.

दुकानात जाताना पेन ड्राइव्हवर एका पुस्तकाची आणि एका लाल पत्रिकेची पीडीएफ न्या, शिवाय छापलेली तीच पत्रिका पिशवीत ठेवा. पीडीएफ शंभर टक्क्यांवर उघडा, नऊ पॉइंटातली तळटीप वाचून बघा, पत्रिका पडद्याशेजारी धरा. मग बाजूला सरकून बघा, कारण लेखक तुमच्या शेजारी बसणार आहे आणि त्याला तिथून रंग उलटे दिसता कामा नयेत. आयपीएस पडदा असेल तर तसं होत नाही. लॉक जुन्या यंत्रालाच राहणार असलं तरी एकदा सोबत न्या, लावून बघू देतात का विचारा. यूएसबीची चौकोनी मोठी भोकं किमान दोन हवीत, एक माउसला आणि एक पेन ड्राइव्ह किंवा लॉकला. मॉनिटरसाठी एचडीएमआय हवंच.

१६ इंची, १६ जीबी, चांगल्या रंगाचा ५५ हजारांत बसला तर तो घ्या आणि मॉनिटर दिवाळी अंकांच्या कामाचे पैसे आले की घ्या. तो बसत नसेल तर ७५३०यू किंवा आय५ यू चा १५.६ इंची, रॅमचा स्लॉट मोकळा असलेला घ्या, आणि मॉनिटर लगेच. बाहेर नेण्याचे दिवस तुमचे थोडे आहेत, घरी बसून पानं लावण्याचे जास्त, म्हणून मी तुमच्या जागी असतो तर दुसरा मार्ग धरला असता. पुस्तकांची कामं वाढून कधी जीएसटी नोंदणी केलीत, तर त्यापुढची खरेदी, मग मॉनिटर असो की प्रिंटर, त्या नंबराच्या बिलावरच करा. लॅपटॉपवर १८ टक्के असतो, नोंदणी असेल तर त्याची वजावट मिळते.

दुकानातून नमुन्याचे पूर्ण नंबर लिहून आणा आणि इथे टाका. पैसे देण्याआधी आम्ही दोघं बघतो.