बार्बच्या म्हाताऱ्यांनी भेटायचंही नाही का?

बर्कलीकर: काल एका धाग्यावर कुणीतरी टाकलं होतं, ‘मसाजच्या जाहिरातींवर पोसलेल्या पेपरचं कसलं स्नेहसंमेलन?’ विषय ‘बर्कली बार्ब’चा, म्हणजे कॅलिफोर्नियातल्या बर्कली गावच्या साठच्या दशकातल्या बंडखोर साप्ताहिकाचा. 50 वर्षं झाली म्हणून 2015 मध्ये त्याची जुनी मंडळी बर्कलीत जमली होती, त्यावर हा शेरा. वाचून डोकं फिरलं. मॅक्स शेरनं 1965 च्या ऑगस्टमध्ये हा पेपर काढला आणि टेलिग्राफ अ‍ॅव्हेन्यूवर उभं राहून स्वतः विकला. व्हिएतनामला निघालेल्या सैनिकांच्या गाड्या अडवायला पोरं रुळांवर उतरत होती, तेव्हा त्यांची बाजू मोठे पेपर मांडत नव्हते. विद्यापीठाच्या मोकळ्या जागेवर लोकांनीच बाग करायची, ही पीपल्स पार्कची हाकसुद्धा 18 एप्रिल 1969 च्या बार्बमधूनच गेली. महिनाभरात, 15 मेला, त्याच पार्कवरून पोलिसांनी बंदुका चालवल्या आणि जखमी झालेला जेम्स रेक्टर पुढे मेला. हे ज्यांनी छापलं ते म्हातारपणी एकमेकांना भेटले, तर आपलं काय जातं?

खवट: तो शेरा माझाच. हाक दिली, मान्य. केळ्याची सालं वाळवून ओढली की नशा चढते, हेही 1967 मध्ये याच पेपरनं पसरवलं. सरकारी खात्याला सालं तपासत बसावं लागलं! आणि 1969 च्या जुलैचं सोयीस्करपणे गाळलंत. खप 80-90 हजारांच्या घरात, गल्ला मालक शेरकडे, पेपरात राबणाऱ्या पोरांच्या हातावर चिरीमिरी. पोरं बाहेर पडली आणि ‘बर्कली ट्राइब’ काढून मालकाला शिव्या घालत बसली. मग 50 वर्षांनी कोण कुणाच्या गळ्यात पडलं?

बर्कलीकर: भांडलेली माणसं भेटत नाहीत? तुमच्याकडे भावकीत लग्नं कशी लागतात मग?

मंजुळा_क: पार्कबिर्क सोडा, खरा मुद्दा पैशाचा आहे. माझी कथा एका दिवाळी अंकात आली. मानधन विचारलं तर उत्तर काय? ‘ताई, ही चळवळ आहे.’ लेखकाची प्रतसुद्धा मीच जाऊन आणायची, तीही दिवाळी उलटल्यावर. मलपृष्ठावर मात्र सराफाची रंगीत जाहिरात. कागदवाल्याला पैसे, बाइंडरला पैसे, चळवळ तेवढी लेखकाच्या वाट्याला.

आडगावचा: ताई, मी असा अंक काढलेला माणूस आहे. जाहिरातीचे पैसे होळीपर्यंत येत नाहीत, छापखानेवाला दाराशी बसतो. घरातलं सोनं गहाण पडलं होतं. अशोक शहाण्यांनी 1963 मध्ये ‘असो’ हे अनियतकालिक काढलं तेव्हा कुणी मानधनाची पावती मागितली होती का?

मंजुळा_क: आलं ‘असो’! कुणाचीही उधारी थकली की साठच्या दशकातली अनियतकालिकं ढालीसारखी पुढे करायची. तिथे लिहिणारेच काढणारे आणि खिशाला खार लावून घेणारेही तेच. त्यातला कुणी त्यावर श्रीमंत झालेला दाखवा. तुमच्याकडे मालक एक आणि ‘आपण सगळे’ म्हणायचं लेखकाला.

आडगावचा: मालक कोण? मी? कर्ज फेडताना कंबर मोडली हो माझी! तुम्हाला कथा छापून हवी होती, छापली कुणीतरी. नसती छापली तर इथेच येऊन ‘प्रस्थापितांची मक्तेदारी’ म्हणून रडला असता.

मंजुळा_क: रडले नसते. दुसरीकडे पाठवली असती. भाषा सांभाळा, काका.

खवट: बघा, मालक-पोरं भांडण इथेही सुरू झालं. बार्बचा धागा सार्थकी लागला.

बर्कलीकर: खवटराव, हसताय काय? मंजुळाताई म्हणतायत तेच बार्बच्या पोरांनी केलं. मालक पैसे करतोय हे कळल्यावर ‘चळवळ आहे’ ऐकून गप्प बसली नाहीत. नुसता रुसवाही नव्हता तो, स्वतःचा पेपर काढून 1972 पर्यंत चालवला. त्या बंडासाठी तरी त्यांना एक संध्याकाळ द्या की.

खवट: दिली. हॉलचं भाडंही भरतो. पण मसाजच्या जाहिराती?

बर्कलीकर: त्या होत्या आणि ओंगळ होत्या. मला त्यांचं कौतुक नाही. 1978 मध्ये त्या वेगळ्या काढून त्यांचा ‘स्पेक्टेटर’ हा स्वतंत्र पेपर केला. स्वच्छ झालेला बार्ब 1980 मध्ये बंद पडला.

खवट: म्हणजे क्रांतीचा खर्च मसाजवाले उचलत होते. मी वेगळं काय म्हणत होतो?

मंजुळा_क: आणि त्यावर बायकांना काय वाटायचं हे दोघांपैकी एकालाही सुचलं नाही. न्यूयॉर्कच्या ‘रॅट’ या बार्बसारख्याच बंडखोर पेपरचा ताबा 1970 मध्ये तिथल्या बायकांनी घेतला, उगाच नाही. त्यांचं संमेलन भरलं तर मी जाईन.

आडगावचा: जा. तिथेही मानधन विचारा.

मंजुळा_क: विचारणारच!

नवीन_लेखक: ताई, त्या दिवाळी अंकाचं नाव खासगी निरोपात कळवता का? यंदा मीही एका ठिकाणी कथा पाठवलीय, संपादक फोनवर फारच गोड बोलतायत.