एल सिस्तेमा : मोफत वाद्यवृंद नेमक्या कोणापर्यंत पोहोचतो?

वाद्यवृंद मोफत शिकवल्याने गरिबी हटत नाही, हा आक्षेप रास्त असला, तरी मुलांना वाद्यवृंदात वाजवायला मोफत शिकवणाऱ्या व्हेनेझुएलातील 'एल सिस्तेमा' या उपक्रमाचा विचार एवढ्यावर थांबू नये. अर्थतज्ज्ञ आणि संगीतकार होसे आंतोनियो आब्रेऊ यांनी 1975 साली काराकासमध्ये सुरू केलेल्या या उपक्रमात अगदी लहान मुलांच्या हाती आधी पुठ्ठ्याचे व्हायोलिन येते, तेही पुष्कळदा पालकांच्या मदतीने बनवलेले. ते धरून गज पेलणे, ताठ बसणे, शेजाऱ्याकडे लक्ष ठेवणे मुले शिकतात आणि मगच खरे वाद्य मिळते. जगप्रसिद्ध वाद्यवृंद-संचालक गुस्ताव्हो दुदामेल याच मुशीतून घडले, पण एका नामवंतावरून निष्कर्ष काढणे मला पटत नाही. त्यापेक्षा इंटर-अमेरिकन डेव्हलपमेंट बँकेच्या संशोधकांनी 2017 मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास मोलाचा आहे. त्यात, सोडतीसारख्या पद्धतीने आधी प्रवेश मिळालेल्या मुलांचा आत्मसंयम वाढलेला दिसला. मात्र नाव नोंदवणारी मुले त्या भागातील इतर मुलांपेक्षा कमी गरीब होती. मला खरी काळजी याचीच वाटते. ज्या आईबापांना मुलांची रोज ने-आण करण्याइतकी सवड नाही, त्यांना शुल्कमाफीचा काय उपयोग? केंद्रे वस्तीतच उघडावीत आणि तिथल्या घरोघरी जाऊन मुले आणावीत, असा माझा आग्रह आहे.