ड्रॅग, लिफ्ट आणि पाण्याची ओढ

सूक्ष्मकण: मंडळी, अडलेय. चिपवरच्या केसाएवढ्या रुंद वाहिनीतून रक्तपेशी वाहताना त्यांच्यावर कोणती बलं येतात, याचं मी संगणकावर सिम्युलेशन करते. विज्ञान दिनासाठी मराठी पोस्टर करायचंय. ड्रॅगला, म्हणजे प्रवाहाच्या रेषेतल्या बलाला, 'अवरोध' नि लिफ्टला, म्हणजे प्रवाहाला आडव्या बलाला, 'उत्थापन' लिहिलं, तर सरांनी दोन्हींवर काट मारली. बरोबरच आहे त्यांचं. पेशी मागे रेंगाळली तर ड्रॅग तिला पुढे नेतो, मग अवरोध कसला? आणि आमची लिफ्ट वर उचलत नाही, आडवी सरकवते. सेग्रे आणि सिल्बरबर्ग या संशोधकांनी १९६१ मध्ये दाखवलं की गोल नळीत द्रवाइतक्याच घनतेचे गोळे मध्यापासून त्रिज्येच्या साधारण ०.६ पटीवर जमतात. ना मध्यात, ना भिंतीशी. दोन्हींना नेमके मराठी शब्द सुचवा.

जुनाखडू: कर्षण. कृष् धातू, 'कृषी' त्यातलीच. संपला विषय.

कृष्णाकाठ: कुठं संपला? आमची आजी ओरडायची, "पाण्याला ओढ हाय, उतरू नगंस!" ड्रॅग म्हणजे ओढ.

मोघम: आणि पावसानं ओढ दिली म्हणजे? पाऊस येतच नाही!

सूक्ष्मकण: अहो, मला तेच हवंय! पेशी द्रवापेक्षा जोरात निघाली की तोच ड्रॅग तिला मागे धरतो. ड्रॅग मोजायच्या स्टोक्सच्या सूत्रात ६π, श्यानता (द्रवाचा दाटपणा), कणाची त्रिज्या आणि वेगातला फरक यांचा गुणाकार असतो. फरकाचं चिन्ह पालटलं की बलाची दिशा पालटते.

जुनाखडू: ओढ माहेरची असते. 'पेशीला ओढ लागते' लिहा, बायका डोळ्यांना पदर लावतील.

सूक्ष्मकण: काका, मीही बाईच आहे. लिफ्टचं सांगा.

तिरपागडं: उचल!

कृष्णाकाठ: उचल मुकादम देतो, ऊसतोडीला निघायच्या आधी. फेडता फेडता पाठ मोडते.

सूक्ष्मकण: आणि उचल म्हटलं की परत 'वर' आलंच. इथं भिंत कणाला आत लोटते आणि मध्याकडून भिंतीकडे बदलत जाणारा द्रवाचा वेग त्याला भिंतीकडे लोटतो. दोन्ही जिथं तोलतात तिथं त्याची रांग लागते. 'आडलोट' चालेल?

जुनाखडू: देवा रे. कडेलोट ऐकला होता.

मोघम: मला आवडला. पाटाचं पाणी धरताना काडीकचराही असाच कडेला लागायचा.

सूक्ष्मकण: पाटात भोवरे असतात हो. आमच्या वाहिनीत थर शिस्तीत सरकतात, ती तुलना नको.

तिरपागडं: बाय द वे, 'ओढा' ओढण्यावरूनच आला ना?

जुनाखडू: आवाज सारखा म्हणून नातं जुळवायचं? मग 'ओढणी' पण पाण्यातलीच!

कृष्णाकाठ: का नाही? आमच्या ओढ्यानं एका पुरात दोन म्हशी ओढून नेल्या.

सूक्ष्मकण: पोस्टर उद्या छापायला जातंय. 'ओढ' टाकतेय. लिफ्ट?

मोघम: आमचा ओढा आठ महिने कोरडा असतो. तो कुणाला ओढणार?