उलट्या रेकॉर्डमधला सैतान
रॉकची रेकॉर्ड उलटी फिरवली की सैतानाचा संदेश ऐकू येतो, हा चर्चवाल्यांचा जुना दावा, त्याबद्दल ही नोंद. अमेरिकेत नेवाडातल्या रीनोमध्ये हे प्रकरण १९९० साली थेट कोर्टात गेलं होतं. जूडस प्रीस्ट या रॉक बँडच्या गाण्यात ‘डू इट’ (करून टाक) असा छुपा आदेश आहे, त्यामुळेच आमच्या मुलांनी स्वतःवर गोळ्या झाडल्या, असं दोन कुटुंबांचं म्हणणं. त्यांचं दुःख खरंच होतं, कारण मात्र भलतंच धरलेलं. बँडचा गायक रॉब हॅलफर्डने कोर्टातच आपली गाणी उलटी वाजवून दाखवली. सापडलं काय, तर ‘आई, माझी खुर्ची मोडली’! तो ‘आदेश’ म्हणजे गायकाचा उच्छ्वास आणि गिटारचा सूर यांचा योगायोग, असं म्हणत न्यायाधीशांनी दावा फेटाळला.

त्याआधी १९८५ मध्ये कॅनडात व्होकी आणि रीड या मानसशास्त्रज्ञांनी उलटे उतारे लोकांना ऐकवले होते. त्यात चक्क बायबलमधलं तेविसावं स्तोत्रही होतं. काय ऐकायचं ते आधी सांगितलं की लोकांना ते ऐकू यायचं, नाही सांगितलं तर नुसती गडबड. मग पाद्रीबुवा रेकॉर्ड लावण्याआधीच वाक्य का सांगून ठेवतात, हे वेगळं सांगायला नकोच.