६७ ची जीटीओ चढावर पिंग करते, हेड उतरवावंच लागेल का?

फॉल्समकर: नमस्कार मंडळी. गाडी १९६७ ची पॉन्टियाक जीटीओ. ४०० क्युबिक इंचांचं मूळ इंजिन, कॉम्प्रेशन (सिलेंडरात मिश्रण किती पट दाबलं जातं) १०.७५ ला १. सपाटीला काही तक्रार नाही. हायवे ५० ने टाहो सरोवराकडे चढताना चौथ्या गिअरमध्ये अर्धा ॲक्सिलरेटर दाबला की पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो, म्हणजे पिंग: पेट्रोल नको तेव्हा आपोआप भडकतं. इथे कॅलिफोर्नियात पंपावर बहुतेक ठिकाणी ९१ ऑक्टेनच्या वर (ऑक्टेन जास्त तितकं पेट्रोल आपोआप भडकत नाही) मिळत नाही. ऑक्टेन बूस्टर ओतून पाहिला, फरक शून्य. मेकॅनिक म्हणतो, हेड (सिलेंडरवरचं झाकण) काढून जाड गॅस्केट टाकून कॉम्प्रेशन उतरवू. मूळ इंजिन उघडायला धीर होत नाही.

जुना पिस्टन: हेडला हात लावू देऊ नकोस! आधी टायमिंगची, म्हणजे ठिणगी कधी पडते ते दाखवणारी, खूण खरी आहे का ते बघ. क्रँकच्या पुढच्या टोकावरच्या डॅम्परची (कंप शोषणारी चकती) बाहेरची रिंग रबरावर बसवलेली असते. इतक्या वर्षांत रबर सुटतं, रिंग फिरण्याच्या दिशेने पुढे सरकू शकते. मग टायमिंग लाइटवर ६ अंश दिसतात आणि ठिणगी प्रत्यक्षात १२ ला पडत असते. बॅटरी सोडव, पहिल्या सिलेंडरचा प्लग काढून पिस्टन स्टॉप (पिस्टनला वर अडवणारा बोल्ट) लाव आणि इंजिन हाताने एकदा सुलट, एकदा उलट, अडेपर्यंत फिरव. दोन्ही वेळच्या खुणांच्या बरोबर मधे खरा टीडीसी, म्हणजे पिस्टन अगदी वर असतो ती जागा. रिंगवरची खूण तिथे जुळली नाही तर डॅम्पर बदल.

मग डिस्ट्रिब्युटरला (प्लगना ठिणगी वाटणारा भाग) जाणारी व्हॅक्यूमची नळी काढून तिचं तोंड बंद कर आणि तोच चढ चढ. आवाज गेला तर दोष व्हॅक्यूम ॲडव्हान्सचा, म्हणजे व्हॅक्यूमने ठिणगी लवकर पाडणाऱ्या यंत्रणेचा. अर्ध्या थ्रॉटलला व्हॅक्यूम शिल्लक असतो, त्यामुळे नेमकं लोडवर टायमिंग आणखी पुढे जातं. १० अंशांवर थांबणारा कॅनिस्टर (त्या यंत्रणेचा डबा) बसव. नळी काढूनही आवाज राहिला तर डिस्ट्रिब्युटरच्या वजनांना (वेग वाढला की तीही टायमिंग पुढे नेतात) जरा कडक स्प्रिंग घाल.

बूस्टरच्या बाटलीवर ७ पॉइंट लिहिलेले असतात ते ०.७ ऑक्टेन. तुझं ९१ म्हणजे युरोपच्या मोजणीत साधारण ९५-९६ आरओएन (तिथलं ऑक्टेनचं माप), आणि हे इंजिन बनलं शंभरीच्या आसपासच्या शिसंवाल्या प्रीमियमसाठी. बाटलीने ती दरी भरत नाही. दुरुस्ती होईपर्यंत आवाज आला की पाय उचल, तिसरा टाक. पिस्टनच्या रिंगांमधल्या कडा तुटल्या तर खरंच इंजिन उघडावं लागेल.

कार्बवाला: दादांचं सगळं झाल्यावर कार्बोरेटरची जेट (पेट्रोल सोडणारी बारीक भोकं) बघा. पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल असतं, जुन्या जेटवर मिश्रण थोडं लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. पीसीव्हीतून (इंजिनमधली वाफ परत आत ओढणारा व्हॉल्व्ह) ऑइल ओढलं जातंय का तेही पाहा, ऑइल जळलं की ऑक्टेन घसरतं.

फॉल्समकर: रिंग सरकलेलीच निघाली! नवा डॅम्पर, नळी काढून ३००० आरपीएमच्या वर एकूण टायमिंग ३४ अंश. चढावर आता नळी काढली की आवाज अजिबात नाही, लावली की दुपारच्या उन्हात थोडा येतो.

जुना पिस्टन: मग उरलं ते कॅनिस्टरचं काम. तो येईपर्यंत नळी बंदच ठेव, पेट्रोल जरा जास्त जाईल एवढंच.