मदत हवी आहे: व्हॉयेजर-१ चा संगणक बिघडला, त्यात केसरबाईंची भैरवी गेली का?

फलकलेखक
वाचनालयातल्या गायिका केसरबाई केरकरांवरच्या छोट्या प्रदर्शनासाठी, त्यांचं गाणं घेऊन गेलेल्या नासाच्या व्हॉयेजर यानांबद्दल चार ओळींचा फलक करायचा आहे. व्हॉट्सॲपवर असा मजकूर फिरतोय: '२०२३ मध्ये व्हॉयेजर-१ चा संगणक बिघडून मेमरी पुसली गेली आणि केसरबाईंचं "जात कहाँ हो" कायमचं हरवलं.'

तीन गोष्टी हव्या आहेत.
१) हे खरं का? नसेल, तर नेमकं काय बिघडलं होतं?
२) फलकाशेजारी ऐकवायला ध्वनिमुद्रण कुठून घ्यावं? नासाच्या पानावर शुभेच्छा सापडतात, गाणं सापडत नाही.
३) मिळालेली एक फाइल १ मिनिट ४५ सेकंदांची आहे आणि आवाज लहान मुलीसारखा पातळ येतो. अर्धी कापली गेली आहे का?

खगोलखिडकी
पहिल्याचं उत्तर: साफ खोटं. गाणं यानाच्या संगणकात कधी नव्हतंच. सोन्याचा मुलामा दिलेली १२ इंची तांब्याची तबकडी ॲल्युमिनियमच्या आवरणात घालून यानाच्या अंगावर बाहेरून बसवली आहे. तिला ना वीज, ना वायर. सोबत सुई आणि कार्ट्रिज दिलंय, ते वाजवायचं कसं याच्या खुणा आवरणावर कोरल्यात, पण तबकडी फिरवणारं यंत्र यानावर नाही. संगणक उद्या पूर्ण मेला तरी खाचांना ओरखडा पडत नाही.

आता बिघाड. यानावर तीन प्रकारचे संगणक आहेत: आज्ञा घेणारा, यानाची दिशा सांभाळणारा आणि उपकरणांची माहिती गोळा करून पृथ्वीकडे पाठवण्याजोगी बांधणारा. तिसऱ्याला एफडीएस म्हणतात, दुखणं त्याचं. १४ नोव्हेंबर २०२३ पासून यानाकडून येणाऱ्या संदेशात एक आणि शून्याची तीच ती नक्षी यायला लागली. रेडिओ चालू, यान आज्ञा पाळतंय, पण बोलणं अर्थशून्य. मेमरी पुसली गेली हा शब्दच चुकीचा आहे.

१ मार्च २०२४ ला एफडीएसला मुद्दाम डिवचणारी आज्ञा पाठवली: बिघडलेला भाग ओलांडून प्रोग्रामचे वेगळे क्रम चालवून बघ. ३ मार्चला आलेल्या उत्तरात एक तुकडा निराळा दिसला आणि तो उलगडल्यावर कळलं की त्यात एफडीएसच्या अख्ख्या मेमरीची प्रत आहे. ती जुन्या प्रतीशी ताडून पाहिली. सुमारे ३ टक्के मेमरी खराब झाली होती आणि त्यामागे एकच चिप होती. एखादा ऊर्जाभारित कण आदळला की ४६ वर्षांत चिप झिजली, यातलं नक्की कारण ठरलं नाही. फलकावर एकच कारण ठोकून लिहू नका.

जुनाटहार्डवेअर
दुरुस्तीबद्दल भर घालतो, खरी गंमत तिथे आहे. चिप बदलणं अशक्य, म्हणून तिच्यातला कोड दुसरीकडे हलवायचा. पण तो सगळा मावेल एवढी सलग रिकामी जागा एफडीएसमध्ये कुठेच नव्हती. मग कोडचे तुकडे केले, मिळेल त्या जागी बसवले आणि त्या पत्त्यांचा उल्लेख बाकी प्रोग्राममध्ये जिथे जिथे होता तिथे तो बदलला. एक पत्ता चुकला असता तर प्रोग्राम भलत्याच ठिकाणी उडी मारून अडकला असता.

पहिला तुकडा यानाच्या स्वतःच्या तब्येतीची माहिती बांधणारा होता. तो १८ एप्रिलला पाठवला. संदेश जायला साडेबावीस तास, यायला तेवढेच. २० एप्रिलला यान पुन्हा कळेल असं बोललं. मे महिन्यात दोन उपकरणं परत आली, जूनमध्ये चारही.

सतराशेसाठ
पण व्हॉयेजरवर टेपरेकॉर्डर आहे असं वाचलंय. गाणी त्यात नसतील कशावरून?

खगोलखिडकी
आहे, पण तो डिजिटल माहितीचा. व्हॉयेजर-१ वर त्याचं काम म्हणजे प्लाझ्मा-लहरींच्या (अवकाशातल्या विद्युतभारित वायूतल्या लहरींच्या) उपकरणाची काही मोजमापं साठवायची आणि ती वर्षातून दोनदा पृथ्वीकडे धाडायची. 'आंतरतारकीय अवकाशाचा आवाज' म्हणून जी शिट्टीसारखी क्लिप फिरते ती याच मोजमापांवरून केलेली. तिचा आणि संगीताचा संबंध नाही. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने बहुधा हे दोन्ही एकाच पातेल्यात ढवळलं.

लाखेचीतबकडी
फलकलेखक, तुमची फाइल कापलेली नाही, दुप्पट वेगात आहे. मूळ गाणं ३ मिनिटं ३० सेकंदांचं, तुमची बरोबर निम्मी. आवाज पातळ येतो कारण सूर एक सप्तक वर गेलाय. व्हॉयेजरची तबकडी मिनिटाला १६⅔ फेऱ्यांची आहे (एक फेरा ३.६ सेकंदांत). इतका मंद वेग घेतला म्हणूनच सुमारे ९० मिनिटांचं संगीत तिच्यात बसलं. ती ३३⅓ वर फिरवल्यासारखीच ही फाइल आहे, मग चूक प्लेअरची असो वा फाइल बनवताना सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने) चुकीचा नोंदवल्याची.

ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्राममध्ये पूर्ण ट्रॅक निवडा आणि वेग व सूर दोन्ही एकत्र बदलणारा 'चेंज स्पीड अँड पिच' (जुन्या आवृत्तीत 'चेंज स्पीड') हा परिणाम ०.५ गुणकाने लावा. 'चेंज टेम्पो' घेऊ नका, त्यात लांबी दुप्पट होते पण सूर वरच राहतो आणि केसरबाईंच्या भरदार आवाजाची बाहुली होते. नंतर लांबी ३:३० च्या आसपास आली का बघा.

दुसरा प्रश्न: नासाने शुभेच्छा आणि पृथ्वीवरचे आवाज जालावर ठेवले, संगीत नाही, कारण ते हक्क नासाकडे नाहीत. हरवलंच म्हणायचं तर गाणं तिथे, हक्कांच्या कागदात हरवलंय. २०१७ मध्ये मूळ मास्टर टेपवरून संपूर्ण संगीत एलपी आणि सीडी संचात आलं, आवाज त्यातला घ्या. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो, तेव्हा मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकडीवरून घेणार असाल तर तिचं प्रकाशनवर्ष आधी शोधा.

फलकासाठी आणखी: राग भैरवी. एकूण २७ रचनांत ही शेवटून तिसरी. शिफारस रॉबर्ट ब्राउन या संगीत-अभ्यासकांची. व्हॉयेजर-१ ५ सप्टेंबर १९७७ ला उडालं, केसरबाई १६ सप्टेंबरला गेल्या. ५५ भाषांतल्या शुभेच्छांत मराठीही आहे, तीही शेजारी ऐकवा.

फलकलेखक
फाइल ३:३१ झाली, आवाज जागेवर आला. फलकाचा मजकूर असा करतोय:
'केरी, गोवा इथे जन्मलेल्या केसरबाईंची भैरवी व्हॉयेजर-१ आणि व्हॉयेजर-२ या दोन्ही यानांवरील तबकड्यांत आहे. २०२३ मध्ये व्हॉयेजर-१ च्या एका संगणकाची चिप निकामी झाली, तबकडीला धक्का लागला नाही. हे गाणं आजही अवकाशात वाजत आहे.'

जुनाटहार्डवेअर
शेवटचं वाक्य बदला. वाजत नाही, नुसतं कोरलेलं आहे.